बर्फ ते वाफ : तापन-वक्र घरच्या गॅसवर कसा काढायचा, आणि खान्देशात तो कुठे बिघडतो

दहावीच्या विज्ञानात उष्णतेच्या प्रकरणात तापमान-काल आलेख, म्हणजेच तापन-वक्र, असतो. बर्फ तापवला की रेषा चढते, मग आडवी होते, पुन्हा चढते, पुन्हा आडवी होते. कागदावर सगळे सोपे दिसते. प्रत्यक्ष करायला घेतले की बर्फाचा पहिला चढ दिसतच नाही, आडवी रेषा तिरकी येते, पाणी १०० च्या अलीकडेच उकळते, आणि शेवटी वहीत पुस्तकातलाच आलेख उतरवून काढला जातो.

या घोळाचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. आडव्या अक्षावर आपण वेळ मांडतो, पण तिथे खरे तर पातेल्यात गेलेली उष्णता असायला हवी. दर सेकंदाला सारखीच उष्णता आत जात असेल तरच घड्याळ उष्णतेचे माप देते. म्हणून खाली सगळ्यात जास्त जागा ज्योत, व्होल्टेज आणि पातेल्याच्या वजनाला दिली आहे. सिद्धांत पुस्तकात आहेच.

आधी आकडे हाताशी ठेवा

१ ग्रॅम बर्फाचे तापमान १ अंशाने वाढवायला साधारण २.१ ज्यूल लागतात. पाण्याला ४.१८, वाफेला सुमारे २. शून्य अंशाच्या १ ग्रॅम बर्फाचे शून्य अंशाचेच पाणी करायला ३३४ ज्यूल (८० कॅलरी) लागतात, आणि उकळत्या १ ग्रॅम पाण्याची वाफ करायला २२५७ ज्यूल (५४० कॅलरी). शेवटच्या दोन आकड्यांना विशिष्ट अप्रकट उष्मा म्हणतात. १७६० च्या दशकात ग्लासगोमध्ये जोसेफ ब्लॅक यांनी तो पहिल्यांदा नीट मोजला.

वाफेचा आकडा एवढा मोठा का? वितळताना पाण्याच्या रेणूंमधले बंध थोडेच सुटतात, रेणू एकमेकांना चिकटूनच राहतात. वाफ होताना ते जवळपास पूर्ण तोडावे लागतात. शिवाय १ ग्रॅम पाणी सुमारे १.६७ लिटर वाफ होऊन हवेला बाजूला ढकलते. २२५७ पैकी १७० च्या आसपास ज्यूल नुसते त्या ढकलण्यात जातात.

परीक्षेत दोन चुका कायम दिसतात. एक, बर्फाचा आणि पाण्याचा चढ सारख्याच उताराचा काढणे. बर्फाची उष्माधारकता पाण्याच्या निम्मी आहे, म्हणून त्याची रेषा दुप्पट उभी हवी. दोन, उकळण्याची आडवी रेषा वितळण्याच्या रेषेएवढीच काढणे. ती पावणेसात पट लांब हवी.

गॅस की वीज?

शहरात विजेची शेगडी बरी असे वाटते. खान्देशात गाव-शिवारात प्रयोग करायचा असेल तर आमचे मत गॅसच्या बाजूने आहे. शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडते, आणि साध्या तारेच्या शेगडीची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. २३० व्होल्टला ५०० वॅट देणारी शेगडी १९० व्होल्टवर जेमतेम ३४० वॅट देते. प्रयोगाच्या मध्यात असे झाले की पाण्याची रेषा मधेच वाकते आणि कारण वहीत कुठेच सापडत नाही. विजेवरच करायचे तर मल्टिमीटर किंवा स्टॅबिलायझरवरचा आकडा दर मिनिटाला लिहून ठेवा.

इंडक्शन कमी शक्तीवर लावले तर बहुतेक मॉडेल काही सेकंद चालू, काही सेकंद बंद अशी चालतात, त्यामुळे आलेखाला पायऱ्या पडतात. थर्मोस्टॅट असलेल्या हॉट प्लेटचेही तेच. तारा उघड्या असलेल्या शेगडीवर स्टीलचे पातेले आणि स्टीलचाच चमचा घेऊन ढवळणे म्हणजे शॉकला आमंत्रण, ते करूच नका. पाण्यात बुडवायचा रॉडही नको. बर्फाच्या चुऱ्यात तो अर्धा उघडा राहतो आणि जळतो.

घरगुती सिलिंडरवर रेग्युलेटर असतो, त्यामुळे एका जागी ठेवलेली ज्योत बरीच स्थिर राहते. लहान बर्नर घ्या, नॉब सिमवर ठेवा आणि प्रयोग संपेपर्यंत त्याला हात लावू नका. पंखा, कूलर बंद. ज्योत हलली की आलेख हलला. लहान मुले करणार असतील तर गॅसजवळ मोठे माणूस हवेच.

सामान

पातळ बुडाचे स्टीलचे छोटे पातेले, साधारण २०० ग्रॅम वजनाचे. काचेचे भांडे नको. फ्रीजरमधला बर्फ घातलेली साधी काच ज्योतीवर तडकते, आणि बोरोसिलिकेट काच असली तरी जोखीम कशाला? पातेल्यावर बसेल असे झाकण, त्याला थर्मामीटर आणि ढवळणी जाईल एवढे भोक. ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. मोबाइलचे स्टॉपवॉच. लाकडी किंवा बांबूची काडी ढवळायला.

थर्मामीटर प्रयोगशाळेचा घ्या, −१० ते ११० अंश मापाचा, अल्कोहोलचा. ताप मोजायचा थर्मामीटर इथे चालत नाही, त्याचे माप ३५ च्या आसपास सुरू होते आणि ४२ ला संपते. गरम पाण्यात तो फुटतो. आर्डुइनो (सेन्सर जोडता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) जमत असेल तर डीएस१८बी२० हा स्टीलच्या टोपणातला सेन्सर उत्तम, −५५ ते १२५ अंशांपर्यंत चालतो. त्याची अर्ध्या अंशाची अचूकता मात्र −१० ते ८५ याच पट्ट्यात मिळते, उकळण्याजवळ थोडी सूट द्यावी लागते.

थर्मामीटर बुडाला टेकला तर तो पाण्याचे नाही, पातेल्याच्या पत्र्याचे तापमान सांगतो. बुडापासून दीड-दोन सेंटिमीटर वर राहील असा तो झाकणात रबरी बुचाने किंवा कपडे वाळत घालायच्या चिमट्याने अडकवा.

ज्योतीचे माप आधी काढा

ही पायरी कोणी करत नाही, आणि पुढचे सगळे गणित हिच्यावर उभे असते.

पातेल्यात मोजून ३०० ग्रॅम साधे पाणी घ्या, झाकण लावा, सिमवर ठेवा. सतत ढवळत ३० अंशांपासून ६० अंशांपर्यंत जायला किती वेळ लागतो ते पाहा. उन्हाळ्यात नळाचेच पाणी ३० च्या वर येते, तेव्हा माठातले घ्या.

पाण्याची उष्माधारकता ३०० × ४.१८ = १२५४ ज्यूल प्रति अंश. पातेलेही तापते: २०० ग्रॅम स्टील × ०.५ = १०० ज्यूल प्रति अंश. एकूण १३५४. तीस अंशांसाठी ४०,६२० ज्यूल. समजा २ मिनिटे ४२ सेकंद, म्हणजे १६२ सेकंद लागले. मग पातेल्यात निव्वळ उष्णता जाते दर सेकंदाला सुमारे २५० ज्यूल, म्हणजे २५० वॅट. गॅसमधून याहून बरीच जास्त निघते, उरलेली ओट्यावरच्या हवेत जाते. आपल्याला निव्वळ आकड्याशीच मतलब आहे.

वेळ १२० सेकंदांपेक्षा कमी आला तर ज्योत फार मोठी आहे, बर्फाच्या वेळी ढवळणे पुरे पडणार नाही. २४० सेकंदांपेक्षा जास्त आला तर ज्योत लहान आहे आणि खोलीची उष्णता गणितात लुडबुड करेल. नॉबची जागा पेनाने खूण करून ठेवा आणि पाणी बदलून माप दुसऱ्यांदा काढा. दोन मापांत ५ टक्क्यांहून जास्त फरक पडला तर वाऱ्याचा झोत शोधा.

बर्फ कुठला घ्यायचा

रसवंतीवाले किंवा गोळेवाले वापरतात ती लादी स्वस्त पडते, पण ती दुकानात येईपर्यंत शून्य अंशावर आलेली आणि ओली असते. तिच्यावर वितळण्याचा भाग छान करता येतो, शून्याखालचा पहिला चढ मिळत नाही. त्यासाठी घरच्या फ्रीजरमधलाच बर्फ हवा, तो −१५ ते −१८ च्या आसपास असतो. कुल्फीवाल्याकडून बर्फ आणू नका. तिथे बर्फाला खडे मीठ लागलेले असते. बर्फ-मिठाचे मिश्रण −२१ अंशांपर्यंत उतरू शकते, आणि थोडेसे मीठही आडव्या रेषेची वाट लावते.

बोअरच्या पाण्याचा बर्फ चालतो. क्षार खूप आहेत म्हणून पाणी १०० च्या वर उकळते, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. लिटरला १ ग्रॅम क्षार असले तरी उत्कलनांक वाढतो तो अंशाच्या पन्नासाव्या भागाएवढा. घरच्या थर्मामीटरवर तो दिसणारही नाही.

बर्फ जाड फडक्यात गुंडाळून लाटण्याने ठेचा. तुकडे हरभऱ्याएवढे झाले पाहिजेत. मोठे तुकडे राहिले तर बाहेर पाणी ४ अंशांवर आणि आत बर्फ अजून घन, अशी स्थिती होते आणि रेषा तिरकी चढते. ३०० ग्रॅम चुरा पातेल्यात भरून, थर्मामीटर रोवून, पातेल्यासकट पुन्हा तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. पाण्यात थर्मामीटर बुडवून अख्खा ठोकळा गोठवण्याचा मोह टाळा. गोठताना पाणी ९ टक्क्यांनी फुगते आणि काचेचा फुगा चिरडते. थर्मामीटरचे माप −१० ला सुरू होते, तेव्हा बर्फ −८ च्या आसपास आला की नोंदी सुरू करा.

पहिला चढ : ज्योत न लावता

इथे बहुतेकांचा प्रयोग फसतो. ३०० ग्रॅम बर्फ आणि पातेले मिळून उष्माधारकता ६३० + १०० = ७३० ज्यूल प्रति अंश. −८ पासून शून्यावर यायला लागतात फक्त ५,८४० ज्यूल. २५० वॅटच्या ज्योतीवर हे काम २३ सेकंदांत उरकते. दर अर्ध्या मिनिटाला नोंद घेणाऱ्याला पहिला चढ दिसणारच कसा? त्यात बुडाचा बर्फ वितळू लागतो आणि वरचा अजून −६ वर असतो.

म्हणून हा टप्पा गॅस बंद ठेवून करा. पातेले लाकडी पाटावर ठेवा आणि खोलीच्या उष्णतेवर सोडा. मे महिन्यात दुपारी ४० अंशांच्या खोलीत एवढ्या पातेल्याला हवेतून अंदाजे १० ते १५ वॅट मिळतात, म्हणजे शून्यावर यायला सात ते दहा मिनिटे. दर मिनिटाला काडीने चुरा खालीवर करून नोंद घ्या. जानेवारीत पहाटे खोलीच १५ अंशांवर असेल तर याच्या तिप्पट वेळ धरा.

आता दोन टप्प्यांतला वेळ एकाच अक्षावर मांडता येत नाही, कारण एक १२ वॅटवर झाला आणि दुसरा २५० वर. दोन्हींचे ज्यूल करून मांडले की सगळे जुळते. ५.८ किलोज्यूलचा पहिला तुकडा, त्याला जोडून पुढचा.

वितळणे : पहिली आडवी रेषा

बर्फ शून्यावर आला की पातेले बाहेरून कोरडे पुसा आणि खूण केलेल्या सिमवर ठेवा. स्टॉपवॉच सुरू. दर ३० सेकंदांनी नोंद, आणि ढवळणे अखंड.

पातेल्याच्या बुडाला बाहेरून थेंब जमतील आणि ज्योतीवर चुर्र होऊन पडतील. पातेले गळत नाही. गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते, ती थंडगार बुडावर सांद्रित होते. मिनिटभरात बूड तापते तशी ती थांबते.

गणिताने ३०० × ३३४ = १,००,२०० ज्यूल, २५० वॅटवर ६ मिनिटे ४१ सेकंद. प्रत्यक्षात तुमचा वेळ यापेक्षा थोडा कमी येईल. खोलीचे १२ वॅट धरले तर ६ मिनिटे २२ सेकंद. फरक याहून मोठा असेल तर पातेल्याच्या बाहेरच्या बाजूकडे पाहा, तिथे दव धरले आहे का? १ ग्रॅम दव जमताना सुमारे २५०० ज्यूल पातेल्याला देऊन जाते, म्हणजे आतला साडेसात ग्रॅम बर्फ फुकट वितळतो. मे महिन्याच्या कोरड्या हवेत दव कमी पडते. जुलै-ऑगस्टमध्ये पाच-सहा ग्रॅम सहज जमते, म्हणजे चाळीसेक ग्रॅम बर्फ हिशेबाबाहेर गेला. पावसाळ्यात पातेल्याला बाहेरून कोरडे फडके सैल गुंडाळून पहिला टप्पा करा, गॅसवर ठेवण्यापूर्वी ते काढायला विसरू नका.

रेषा ० ते १ अंशात राहिली तर उत्तम. ती सुरुवातीपासूनच २-३ अंशांवर असेल तर ढवळणे कमी पडते आहे. शेवटच्या दीड मिनिटात चार-दोन तुकडे उरले असताना ती हळूहळू वर सरकते, हे टाळता येत नाही. शेवटचा तुकडा दिसेनासा झाला त्या सेकंदावर वहीत फुली मारा. भरपूर बर्फ शिल्लक असताना, नीट ढवळूनही थर्मामीटर +१ किंवा −१ वर अडून राहिलेला दिसला तर ती त्या थर्मामीटरची चूक आहे. पुढच्या सगळ्या नोंदींतून तेवढी वजा-अधिक करा.

पाण्याचा चढ

शून्यापासून उकळेपर्यंत १३५४ ज्यूल प्रति अंश. ९९.३ अंशांपर्यंत (इथे पाणी तेवढ्यावरच उकळते, कारण पुढे येईल) जायला १,३४,४५० ज्यूल, साधारण ९ मिनिटे. आता झाकण लावा. ढवळणे चालू ठेवा पण सावकाश.

पहिल्या अर्ध्या भागात रेषा सरळ येते, ३० सेकंदांना साडेपाच अंश. ७५-८० च्या पुढे ती आडवी होऊ पाहते. कारण न उकळताही पाण्याची वाफ होतच असते आणि प्रत्येक ग्रॅम वाफ दोन हजारांवर ज्यूल घेऊन जाते. झाकण उघडे ठेवले तर हे वाकणे एवढे वाढते की उत्कलनांक कुठे सुरू झाला तेच कळत नाही. ६० अंशांच्या सुमारास पातेल्याच्या बुडाला लागलेले बुडबुडे पाहून उकळी आली असे लिहू नका. ती पाण्यात विरघळलेली हवा आहे.

उकळणे, आणि १०० का येत नाही

जळगाव, धुळे ही शहरे समुद्रसपाटीपासून दोनशे-अडीचशे मीटर उंचीवर आहेत. दर ३०० मीटरला उत्कलनांक सुमारे १ अंशाने उतरतो, म्हणून इथे पाणी ९९.३ च्या आसपास उकळते. मे-जूनमध्ये हवेचा दाब आणखी थोडा कमी असतो, तेव्हा ९९ धरा. नंदुरबार जिल्ह्यात तोरणमाळला सुमारे ११५० मीटरवर गेलात तर ९६ अंशांवरच खळखळा उकळी येते. तिथे उघड्या पातेल्यातली तूरडाळ रेंगाळते ती त्यामुळेच. गॅस मोठा करून फायदा नाही. उकळी आल्यावर ज्योत वाढवली तर पाणी लवकर आटते, तापमान तेवढेच राहते. कुकरमध्ये दाब वाढून पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते, म्हणून तीच डाळ तीन शिट्ट्यांत होते. ज्याला वरणबट्टीचे वरण करताना गॅस वाचवायचा आहे त्याने उकळी आल्यावर नॉब सिमवर आणावा, या आलेखाचा स्वयंपाकघरातला उपयोग एवढाच आणि पुरेसा.

थर्मामीटर ९७ दाखवतो आणि पाणी खळखळते आहे? आधी ० अंशाची चूक तपासा, मग फुगा पूर्ण बुडाला आहे का पाहा.

३०० ग्रॅम पाणी पूर्ण आटवायला ६,७७,१०० ज्यूल, म्हणजे २५० वॅटवर ४५ मिनिटे लागतील. तेवढे थांबू नका आणि पातेले कोरडे तर मुळीच होऊ देऊ नका. उकळी स्थिर झाल्यावर पातेले उचलून वजन घ्या, पुन्हा ठेवा, बरोबर १० मिनिटे उकळा, परत वजन. काट्यावर गरम पातेले थेट ठेवू नका, खाली लाकडी पाट ठेवून काटा शून्यावर आणा.

१० मिनिटांत १,५०,००० ज्यूल गेले. आदर्श हिशेबाने ६६ ग्रॅम पाणी कमी व्हायला हवे. प्रत्यक्षात ५५ ते ६० ग्रॅम कमी होते, आणि भागाकार केला की २२५७ ऐवजी २५०० ते २७०० उत्तर येते. कारण ज्योतीचे माप आपण ३० ते ६० अंशांत काढले होते. ९९ अंशांचे पातेले हवेला कितीतरी जास्त उष्णता देते आणि झाकणावर जमलेले पाणी थेंबाथेंबाने परत पडते. उत्तर उलट २००० च्या खाली आले तर उकळी फार जोराची होती आणि शिंतोडे उडाले. वाफ न होताच पाणी बाहेर गेले, त्याला उष्णता लागलीच नाही.

वाफेचा तिसरा चढ घरी मिळत नाही. उघड्या पातेल्यातली वाफ तापायच्या आत निघून जाते. त्यासाठी बंद भांडे तापवण्याचा प्रयोग कोणी सुचवला तरी करू नका. आलेखात तो भाग तुटक रेषेने दाखवा.

वाफेबद्दल एवढे लक्षात असू द्या: हातावर पडलेले १ ग्रॅम उकळते पाणी अंगाच्या ३७ अंशांपर्यंत थंड होताना २६० ज्यूल देते. तेवढीच वाफ पडली तर ती आधी पाणी होते, मग थंड होते, आणि मिळून २५०० च्या वर ज्यूल देते. झाकण काढताना ते आपल्यापासून पलीकडे तिरके करून काढा.

आलेख

आलेख कागद आडवा धरा. आडव्या अक्षावर १ सेंमी = २० किलोज्यूल, उभ्यावर १ सेंमी = १० अंश. बर्फाचा चढ जेमतेम ३ मिमी, वितळणे ५ सेंमी, पाण्याचा चढ पावणेसात सेंमी, आणि १० मिनिटांची उकळी साडेसात सेंमी. पूर्ण आटवले असते तर ही शेवटची रेषा ३४ सेंमी झाली असती, कागदात मावलीच नसती. पुस्तकात ती का कापलेली असते ते इथे कळते.

मूळ नोंदी ठिपक्यांनीच दाखवा. ठिपके पुसून त्यांच्यावरून सुंदर सरळ रेषा काढल्या तर प्रयोग करून काय मिळवले?

गॅसशिवाय वितळण्याचा अप्रकट उष्मा

वर्गात चाळीस मुले असतील तर हीच पद्धत बरी. स्टीलचा ग्लास (१०० ग्रॅम), त्याला बाहेरून थर्मोकोल. त्यात ३८ अंशांचे ३०० ग्रॅम पाणी. उन्हाळ्यात छतावरच्या काळ्या टाकीतले पाणी दुपारी याहून गरम येते, त्यात माठातले मिसळून ३८ वर आणा. दुकानातल्या शून्य अंशाच्या लादीचे तुकडे फडक्यात कोरडे टिपून घाला, ढवळा, शेवटचा तुकडा संपला की तापमान वाचा, आणि ग्लासचे वजन करून किती बर्फ पडला ते काढा.

उदाहरणादाखल ६० ग्रॅम बर्फ पडला आणि तापमान १९.० वर आले. पाणी आणि ग्लासने दिलेली उष्णता (१२५४ + ५०) × १९ = २४,७७६ ज्यूल. वितळलेले ६० ग्रॅम पाणी ० वरून १९ वर यायला लागले ४,७६५. उरले २०,०११, त्याला ६० ने भागले की ३३३.५.

टिपायचा कंटाळा महागात पडतो. त्या ६० ग्रॅममधले ५ ग्रॅम नुसते चिकटलेले पाणी असेल तर तापमान १९ ऐवजी २० वर थांबते आणि उत्तर ३०६ येते. मुलांचे उत्तर ३०० ते ३१० च्या दरम्यान आले की समजा, बर्फ ओला होता. पाण्याचे सुरुवातीचे तापमान खोलीच्या जेवढे वर, शेवटचे जवळपास तेवढेच खाली राहील असे बघा. मग सुरुवातीला गेलेली उष्णता शेवटी आलेल्या उष्णतेने फिटते. वरची उदाहरणातली मापे २८-२९ अंशांच्या खोलीसाठी आहेत. ३८ अंशांच्या खोलीत सुरुवात ४७ ने करा.

वितळण्यासाठी मेण वापरा असे काही ठिकाणी लिहिलेले असते. मेणबत्तीचे मेण अनेक पदार्थांचे मिश्रण असते, त्याला एकच द्रवणांक नाही, म्हणून रेषा आडवी न येता तिरकी येते. खोबरेल तेलाचेही तसेच. डिसेंबरच्या थंडीत बाटलीत ते गोठते तेव्हा आधी ढगाळ होते, मग दाट, मग घट्ट. शुद्ध स्टिअरिक आम्ल मिळाले तर ते घ्या, ६९ अंशांच्या आसपास चांगली आडवी रेषा देते. डांबरगोळ्या वर्गात तापवू नका, त्यांचा धूर घातक असतो.

उकळी न येता होणारी वाफ : कूलर

अप्रकट उष्म्याचे सर्वांत मोठे काम खान्देशात उन्हाळाभर खिडकीत चालू असते. ३० अंशांच्या पाण्याची वाफ व्हायला ग्रॅमला सुमारे २४३० ज्यूल लागतात. कूलरच्या गवतावरून तासाला १ लिटर पाणी उडाले तर ते हवेतून ६७५ वॅट उष्णता काढून घेते.

कूलर किती थंड करू शकेल ते आधी मोजता येते. थर्मामीटरच्या फुग्याला ओल्या सुती कापडाची चिंधी गुंडाळा आणि पंख्यासमोर धरा, पाच मिनिटांत पारा थांबेल. भुसावळला ४४ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल तर तो २३ च्या आसपास थांबतो. कूलरची हवा त्याखाली कधीच जाणार नाही, चांगले गवत असेल तर तीन-चार अंश वर राहील. गवतावर पांढरा थर बसला असेल तर आकडा आणखी घसरतो. पाणी उडून जाते, बोअरचे क्षार मागे राहतात आणि गवताची छिद्रे बुजवतात. आठवड्यातून एकदा टाकीतले सगळे पाणी काढून टाकले तर हा थर बराच उशिरा धरतो. नुसती भर घालत राहिले तर टाकीतले पाणी दिवसेंदिवस जास्तच खारे होते.

खिडकी-दार बंद करून कूलर लावला तर उडालेले पाणी खोलीतच साठते, अर्ध्या तासात चिंधीचा पारा चार-पाच अंशांनी वर येतो आणि घाम सुकत नाही. समोरचे दार फटीएवढे उघडे ठेवा. ऑगस्टमध्ये बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना चिंधी गुंडाळलेला थर्मामीटर २६ च्या आसपासच थांबतो, दोनच अंशांचा फरक. तेव्हा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा.